चूल ज्याची, हक्क त्याचा

नेटवर्कमधल्या संगणकांवर काम वाटून देणारी ऑपरेटिंग सिस्टिम म्हटली, की आमची मुलं लगेच वेगाचं बोलायला लागतात. किती पट लवकर झालं? अरे, वेग येईल. आधी सांगा, ज्याचं यंत्र वापरलंत त्याला त्रास किती झाला?

लग्नघरी पुरणपोळ्या करायच्या तर एका चुलीवर भागत नाही. शेजारची चूल मोकळी असली, की कणीक आणि पुरण तिकडे जातं. पण शेजारीण बाहेरून आली, तिला चहा टाकायचा असला, तर आपला तवा आधी उतरला पाहिजे. चूल तिची आहे.

बर्कलीला 1984 साली जॉन आउस्टरहाउट यांच्या गटाने ‘स्प्राइट’ करायला घेतली, तिच्यात हेच होतं. की-बोर्डला, माउसला तीस सेकंद कुणी हात लावला नाही आणि यंत्रावर कामही फारसं नसलं, तर ते मोकळं धरायचं. मग दुसऱ्याची प्रोसेस तिथे पाठवायची. मोठा प्रोग्रॅम कंपाइल करताना त्याच्या फायली अशाच वाटल्या जात. मालक येऊन टाइप करायला लागला, की पाहुण्या प्रोसेसची रवानगी तिच्या मूळ घरी. मालकाने विनवण्या करायच्या नाहीत, पाहुणीनेच ओळखायचं.

अ‍ॅमस्टरडॅमला टॅनेनबाउम यांच्या ‘अमीबा’त चुली सगळ्यांच्या सामाईक होत्या. प्रोसेसर एकत्र ठेवलेले, लागतील तसे वापरायचे. तिथे हा प्रश्नच येत नाही. पण आपल्या कचेऱ्यांत यंत्र ज्याच्या त्याच्या टेबलावर असतं. म्हणून पुन्हा सांगते, चूल तिची.

मग तव्यावरच्या अर्ध्या पोळीचं काय? फेकायची? विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या ‘काँडॉर’ने त्याची सोय केली. प्रोसेस जिथवर आली असेल तिथवरची तिची सगळी स्थिती फाइलमध्ये उतरवून ठेवायची आणि दुसरं यंत्र मोकळं झालं, की तिथून पुढे चालू. शेजारणीचा चहा होतो, आपलं पुरणही वाया जात नाही.

आणि चूल शोधायला सगळा वाडा पालथा घालू नका! ईगर, लाझोव्स्का आणि झहोर्जन यांनी 1986 मध्येच दाखवून दिलंय. कुठल्याही दोन-चार यंत्रांना एवढंच विचारा, ‘तुझ्याकडचं काम ठरलेल्या मर्यादेच्या आत आहे का?’ पहिला होकार मिळेल तिथे काम द्या. सर्वांत रिकामं कोण हे हुडकत बसून यापेक्षा फारसं जास्त काही हाती लागत नाही. शेवटच्या दाराशी पोचेपर्यंत पहिल्या घरची चूल पेटलेली असते. शिवाय तुमच्या त्या विचारपुशीचाच नेटवर्कवर भार पडतो, तो वेगळाच. आणि भार कुणावर? ज्याचा काही संबंध नाही त्याच्यावर. म्हणजे पुन्हा तेच.

एक अडचण राहिली. स्प्राइटमधली पाहुणी प्रोसेस काही बाबतींत मूळ यंत्रालाच विचारत असते. ते मूळ यंत्रच बंद पडलं, तर... पण वेळ संपत आलाय, आणि तो विषय दोन वाक्यांत उरकणारा नाही.

तेवढं एक करा. प्रकल्पाच्या अहवालात वेगाच्या आकड्यांशेजारी आणखी एक रकाना आखा: मालक परतल्यापासून त्याचं यंत्र पूर्ण मोकळं व्हायला किती वेळ लागला? तो रकाना कोरा असला, तर बाकीचे आकडे मी तरी बघणार नाही.