हिशेबाची वही आपल्या मुलांच्या हातीं द्या
(शेतकरी व कारागीर कुटुंबांतील विद्यार्थी व पालक यांच्या नागपूर येथील सभेंत आम्हीं केलेलें भाषण)



येथें जमलेल्या आईबापांपैकीं पुष्कळांनीं आम्हांस एकच प्रश्न केला. “पोरगी बारावी झाली. तिला कॉमर्सला घालावी कीं नको? हिशेब हें वाण्या-सावकाराचें काम. आपल्या लेकरांनीं तें शिकून काय करावें?” आमचें उत्तर असें कीं, हें काम आजवर सावकाराकडेच राहिलें म्हणूनच आपलीं घरें बुडालीं.

जोतीराव फुले यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें निवेदन केलें. त्यांत गांवच्या शाळेंत मोडी व बाळबोध लिहिण्यावाचण्याबरोबर हिशेब आणि शेतीचें प्राथमिक ज्ञान शिकवावें, अशी मागणी होती. तिचें मर्म उघड आहे. ज्याला वही वाचतां येत नाहीं, त्याला वहींत लिहिलेलें कर्ज निमूटपणें कबूल करावें लागतें.

परंतु वही वाचतां येणें ही पहिली पायरी झाली. आज कॉलेजांत मॅनेजमेंट अकौंटिंग म्हणून जो विषय शिकवितात, तो तिच्या पुढची पायरी होय. साधा जमाखर्च झालेल्या गोष्टी सांगतो: किती आले, किती गेले. हा विषय पुढचें विचारतो. एक नग करण्यास खरा खर्च किती? काम थांबलें तरी कोणता खर्च चालूच राहतो? कोणत्या भावानें विकलें म्हणजे पदरीं कांहीं उरेल?

याचा दाखला आपल्या नागपुरांतच आहे. जमशेटजी टाटा यांनीं आपली एम्प्रेस मिल मुंबईस न काढतां येथें काढली व १ जानेवारी १८७७ रोजीं ती सुरू झाली. कापूस या मुलखाचा, कोळसा वरोऱ्याचा, रेल्वे दाराशीं आणि कापड घेणारी वस्ती भोंवतालीं. खर्च कोठें वांचतो हें आधीं पाहिलें आणि मग जागा ठरविली. कापूस पिकविणारे आपण, मिलींत राबणारे आपण. हा हिशेब मांडणारा मात्र आपल्यांतला नव्हता. ती मिल २००२ सालीं बंद पडली. हिशेब मांडण्याची गरज कांहीं बंद पडली नाहीं.

आतां आपल्या शेताकडे या. पुढील आकडे केवळ समजण्यासाठीं मानलेले आहेत. एक एकर कपाशींत सहा क्विंटल कापूस निघाला. बीं, खत, फवारणी व मजुरी यांस गांठचे २४,००० रुपये गेले. घरच्या माणसांनीं डवरणी, निंदण, वेचणी केली. तिची मजुरी धरली तर ९,००० होते. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि घरच्या भांडवलावरील व्याज धरलें तर आणखी ९,०००. भाव मिळाला क्विंटलला ६,०००, म्हणजे हातीं आले ३६,०००.

आतां नफा किती झाला तें सांगा. केवळ गांठचा खर्च धरणारा म्हणेल, १२,००० नफा. घरची मजुरी धरणारा म्हणेल, ३,००० नफा. सर्व धरणारा म्हणेल, ६,००० तोटा! शेत तेंच, कापूस तोच, भाव तोच. खर्च कशाला म्हणावें एवढ्यावरून नफ्याचा तोटा होतो.

हा शब्दांचा खेळ नव्हे. दिल्लीस शेतमालाच्या किंमतींविषयीं सरकारला शिफारस करणारा आयोग आहे. तो १९६५ सालीं स्थापन झाला. त्याच्या कागदांत या तीन मापांस ए-टू, ए-टू अधिक एफ-एल आणि सी-टू अशीं नांवें आहेत. २०१८-१९ च्या अंदाजपत्रकांत खर्चाच्या दीडपट हमीभावाची घोषणा झाली. ती दीडपट दुसऱ्या मापाची. शेतकऱ्यांच्या संघटना मागत आहेत ती तिसऱ्या मापाची. आमच्या मानलेल्या शेतांत दुसऱ्या मापानें भाव ८,२५० होतो, तिसऱ्या मापानें १०,५००. एवढें अंतर ज्या वादावर अवलंबून आहे, तो वाद समजणारीं मुलें आपल्या घरांत नकोत काय? तुमच्या आईच्या निंदणाचे दिवस कोणत्या रकान्यांत लिहावेत, किंवा मुळींच लिहूं नयेत, हें कोणीतरी ठरवीत असतो. तेथें आपला माणूस पाहिजे.

कारागिराचीही हीच कथा. एका सुताराच्या दुकानाचें भाडें व यंत्राचा हप्ता मिळून महिन्यास १२,००० जातात. एका खुर्चीस लांकूड, पॉलिश व मदतनिसाची मजुरी ७०० लागते. विक्री १,००० ला होते. प्रत्येक खुर्चीमागें ३०० उरतात, म्हणजे चाळीस खुर्च्या विकल्या तेव्हां कोठें भाडें-हप्ता फिटतो. त्यानंतर कोणी वीस खुर्च्या ८५० दरानें मागितल्या, तर अडाणी हिशेब सांगेल, “नको, खुर्ची १,००० ला पडते.” शिकलेला हिशेब सांगेल, “भाडें-हप्ता फिटला आहे, हात मोकळे आहेत, ८५० घेतले तर ३,००० वर उरतात. मात्र नेहमींचें गिऱ्हाईक तोच दर मागणार नाहीं एवढें पाहा.”

हें शिकण्यासाठीं दूर जावें लागत नाहीं. नागपूर विद्यापीठ १९२३ सालीं स्थापन झालें. आज तें राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या नांवानें चालतें. वर्ध्याच्या शिक्षा मंडळानें १९४५ सालीं नागपुरांत गोविंदराम सेकसरिया कॉमर्स कॉलेज काढलें. बी. कॉम. व एम. कॉम. मध्यें हा विषय आहे. ज्यांना यांतच धंदा करावयाचा आहे, त्यांच्यासाठीं कॉस्ट अकौंटंटांची संस्था आहे. ती १९४४ सालीं निघाली, १९५९ च्या कायद्यानें तिला मान्यता मिळाली आणि नागपुरांत तिची शाखा आहे. तिची पहिली परीक्षा बारावीनंतर देतां येते. पदवीधरास ती माफ असते.

विद्यार्थ्यांनो, तुम्हांस एक सांगणें आहे. या विषयाचीं सूत्रें घोकून परीक्षा पास होतां येते, परंतु त्यानें घराला कांहीं मिळत नाहीं. सुटींत गांवीं जाल तेव्हां एक वही घ्या. बापाचा गांठचा खर्च एका रकान्यांत, आईचे व भावंडांचे राबण्याचे दिवस दुसऱ्यांत आणि जमिनीचा खंड व व्याज तिसऱ्यांत लिहा. मग पुस्तकांतलें प्रत्येक प्रकरण तुम्हांस ओळखीचें वाटेल.

आणि आईबापहो, मुलीला कॉमर्सला घालावी काय, याचें उत्तर अगदीं सरळ आहे. जिच्या आईचे कष्ट आजवर कोणीं हिशेबांत धरले नाहींत, तिच्याच हातीं वही द्या. ती ते धरल्यावांचून राहणार नाहीं.