मोहोराचं पंचांग



 स्नातकांनो, आज कृषी पदवी घेऊन घरी गेलात की पहिला प्रश्न येईल, “नोकरी कुठं?” दुसरा बागेतून येईल, “साहेब, यंदा मोहोर धरेल का?” या दोन्हींत दुसरा अवघड.

कोकणातल्या बागायतदाराच्या डोक्यात एक पंचांग असायचं. पाऊस सरला, ऑक्टोबरच्या उन्हात पालवी जून झाली, की थंडीत हापूस मोहोरायचा आणि एप्रिलात आंबा पेटीत पडायचा. आता पाऊस रेंगाळला की ओल टिकते आणि कलम मोहोराऐवजी पालवी फोडतं. मोहोर आलाच, तर ढगाळ हवेत तुडतुडे आणि करपा टपलेलेच.

फेब्रुवारीत एखाद्या कलमाखाली उभं राहून वर बघा. सुपारीएवढी कैरी लागलेली आणि त्याच फांदीला नवा मोहोर. थंडी उशिरापर्यंत येत राहिली की झाड पुन्हा मोहोरतं. अन्नरस नव्या फुलांकडे वळतो, धरलेली कैरी गळते. झाड पांढरंशुभ्र, पेटी रिकामी! त्यातून जे फळ वाचतं, त्याला तापलेल्या जमिनीची धग साका लावते. वरून केशरी आंबा, कापला की आत पांढरट, आंबूस गर.

हे पंचांग बिघडण्यामागे उष्णता धरून ठेवणारे वायू आहेत. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइड सुमारे 280 भाग होता. आज तो 420 च्या वर आहे. “ते तर झाडाचं अन्नच, मग बिघडलं कुठं?” असं कुणी विचारील. त्याला टोमॅटोचा वाफा दाखवा. त्याच वायूनं रात्री तापल्या की परागकण निकामी होतात, फुलं गळतात. पाला हिरवागार आणि फळ नाही. दोष फक्त कारखान्यांच्या धुराड्यांचा नाही. जादा युरियातून निघणारा नायट्रस ऑक्साइड कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 270 पट तापवतो. या चुलीत आपणही लाकूड सारतो आहोत.

उपाय नाहीत असं नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठानं नीलम आणि हापूसच्या संकरातून रत्ना दिला. त्यात साका होत नाही. बुंध्याभोवती गवताचं आच्छादन, फळ चौदा आणे तयार होताच काढणी, मोजून दिलेलं खत, हेही हाताशी आहे. पण आंब्याची नवी जात घडवायला दशकं लागतात आणि हवा तेवढं थांबत नाही.

म्हणून एकच मागणं. पहिल्या पगारातून कमाल-किमान तापमापक आणि एक जाड वही घ्या. एक कलम निवडा. पालवी कधी आली, मोहोर कधी फुटला, रात्री पारा किती उतरला, गळ किती झाली, हे दहा वर्षं लिहा. आणि लिहिताना बागायतदाराला शेजारी बसवा, कारण जुनं पंचांग त्याला पाठ आहे. नवं तुम्हा दोघांना मिळूनच मांडायचं आहे. उद्यापासून सुरुवात करा.