मूल ते चंद्रपूर, रोज दोनदा
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)

आदरणीय गुरुजन, आपल्याला गरम भाकरी वाढणाऱ्या मावशी आणि २०१६ च्या दहावीच्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

दहा वर्षांनी भेटतोय आपण. ठाकूरदेवाच्या जत्रेला आलेले बरेच जण मेळाव्यासाठी मुद्दाम थांबले, त्याचा आनंद आहे. संयोजकांनी मला सांगितलं, "तू डॉक्टर झालीस, मुलांना प्रेरणा मिळेल असं काही बोल." प्रेरणेचं मला जमत नाही. मी बसबद्दल बोलते. एमबीबीएसची जवळजवळ अडीच वर्षं मी रोज ये-जा करून काढली आणि "कसं जमवलं?" हा प्रश्न मला अजूनही विचारला जातो.

२०१८ मध्ये मला चंद्रपूरच्या शासकीय मेडिकल कॉलेजात प्रवेश मिळाला. ते कॉलेज २०१५ ला सुरू झालेलं, म्हणजे आमची चौथीच बॅच. सुरुवातीला मी हॉस्टेलला होते. मग २०२० मध्ये माझ्या धाकट्या भावाला सिकलसेल असल्याचं कळलं. हातपाय दुखतात म्हणून तो लहानपणापासून रडायचा आणि आम्ही त्याला आळशी म्हणायचो. ते आठवलं की आजही मला लाज वाटते. आईबाबा दोघंही वाहक. दोघं वाहक असले की प्रत्येक मुलामागे चारात एक शक्यता आजाराची असते. मी तपासणी केली, तर मीही वाहक निघाले.

सूरजागडहून भावाला वारंवार दवाखान्यात नेणं शक्य नव्हतं. आत्या मूलला राहते. आई भावाला घेऊन तिच्याकडे गेली आणि राइस मिलमध्ये कामाला लागली. बाबा शेतीसाठी गावीच थांबले. आईची पाळी असेल तेव्हा भावाजवळ रात्री कोणीतरी हवं, म्हणून कोरोनानंतर कॉलेज पुन्हा सुरू झालं तेव्हा मी हॉस्टेल सोडलं. मूल ते चंद्रपूर साधारण ४५ किलोमीटर. जाऊन-येऊन ९०.

पहिले दोन महिने मी वाईट काढले. पहाटे उठायचं, डबा करायचा, सकाळची बस पकडायची, नऊच्या आत वॉर्डात उभं राहायचं. संध्याकाळी परत येईपर्यंत अंगात त्राण नसायचं. बसमध्ये पुस्तक उघडलं की डोकं दुखायचं आणि मळमळायचं. फार्माकॉलॉजीच्या एका परीक्षेत मी नापास झाले. चूक माझीच होती. घरी पोचल्यावर अभ्यास करीन, असं मी रोज स्वतःला सांगायचे आणि रोज पुस्तकावर डोकं ठेवून झोपायचे.

मग मी तीन गोष्टी बदलल्या. ज्यांची मुलं आज ये-जा करून शिकतात, त्यांच्यासाठी सांगते.

पहिली, बसमध्ये वाचणं बंद केलं. रविवारी बसून आठवड्याच्या टिपणं मोबाइलमध्ये माझ्याच आवाजात भरायची आणि जाताना डोळे मिटून ऐकायची. एक औषध, त्याचं काम, त्याचे दुष्परिणाम, की पुढचं. चिचपल्लीपर्यंत एक धडा व्हायचा.

दुसरी, येताना झोपायचं, आणि त्याचा अपराधीपणा वाटून घ्यायचा नाही. बॅगेचा पट्टा हाताला गुंडाळून मी बिनधास्त झोपायचे. कंडक्टरकाका ओळखीचे झाले होते. "मूल आलं, डॉक्टरीणबाई, उठा," म्हणायचे. डॉक्टर व्हायला तेव्हा दोन वर्षं बाकी होती.

तिसरी, मदत मागायची. हॉस्टेलमधल्या मैत्रिणीच्या खोलीत माझी एक गादी आणि कपड्यांचा एक जोड कायम असायचा. परीक्षेच्या रात्री मी तिथे राहायचे आणि आत्या घर सांभाळायची. थिअरीला ७५ आणि प्रॅक्टिकलला ८० टक्के हजेरी लागते. ती मी एकटीच्या बळावर भरली नाही.

ऑक्टोबर २०२१ च्या शेवटी एसटीचा संप सुरू झाला आणि एप्रिल २०२२ पर्यंत चालला. त्या दिवसांत काळी-पिवळी हाच आधार. पण ती भरल्याशिवाय निघत नाही आणि अंधार पडल्यावर मिळेल याची खात्री नसते. डिसेंबरमधल्या एका रात्री मी फार उशिरा घरी पोचले. थंडीने भावाचं दुखणं उठलं होतं. आई कामावर, आत्या लग्नाला गेलेली. तो एकटाच गोधडी तोंडात धरून पडला होता. मी पाणी पाजलं, गोळी दिली, शेकलं आणि शेजाऱ्यांच्या गाडीवर त्याला दवाखान्यात नेलं. तो बरा झाला. पण आजाराला अंतरही असतं, हे मला त्या रात्री कळलं. माझ्या पुस्तकात ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.

पुढे वॉर्डात एटापल्लीकडची एक आजी सुट्टी होऊन निघाली होती. पंधरा दिवसांनी दाखवायला यायचं असं कागदावर लिहिलं होतं. तिने मला हळूच विचारलं, "यावंच लागेल का माय?" मी मनात हिशोब केला. गावातून एटापल्ली, मग आलापल्ली, आष्टी, गोंडपिपरी, बल्लारपूर आणि चंद्रपूर. सोबत येणाऱ्याची मजुरी बुडणार ती वेगळीच. मी सरांना हे सांगितलं. त्यांनी लगेच महिन्याची औषधं लिहून दिली आणि पुढची तपासणी एटापल्लीच्या ग्रामीण रुग्णालयात करायची चिठ्ठी दिली. अडीच वर्षांच्या प्रवासाची माझी कमाई विचाराल तर ती चिठ्ठी.

खरं तर हा धडा मला याच शाळेत मिळाला होता. पावसाळ्यात नाल्याला पाणी आलं की लांबच्या पाड्यावरून येणारी आम्ही मुलं भिजून, उशिरा पोचायचो. आपले मराठीचे सर त्या दिवसांत हजेरी पहिल्या तासाला घेतच नसत. दुसऱ्या तासानंतर घेत. कारण त्यांनी कधी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. सर, तुम्ही समोर बसला आहात म्हणून आज सांगते. तेव्हा गैरहजेरी लागली असती, तर माझ्या बाबांनी मला घरीच ठेवलं असतं.

आज गडचिरोलीतही शासकीय मेडिकल कॉलेज आहे. आता इथल्या मुलामुलींना जिल्ह्यातच डॉक्टर होता येईल. तरी सूरजागडहून ते शंभर किलोमीटरहून लांबच आहे. आपला रस्ता आता लोहखनिजाच्या ट्रकांनी भरलेला असतो, पण आजारी माणसाला बसची वाट अजून बघावी लागते.

मी सध्या आपल्याच भागात वैद्यकीय अधिकारी आहे. भाऊ नियमित गोळ्या घेतो, आयटीआय करतो, आणि आज मागच्या रांगेत बसून मला लवकर आटप म्हणून खुणावतोय. माझ्यासमोर पेशंट बसला की "काय होतंय?" याच्या आधी मी विचारते, "कुठून आलात? कसे आलात? परतीची गाडी किती वाजता?" मग त्याप्रमाणे नंबर मागेपुढे करते.

एक विनंती करून थांबते. मंडपाबाहेर सिकलसेल तपासणीचं टेबल आहे. बोटातून एक थेंब रक्त लागतं. आपल्यातले बरेच जण आता लग्नाचे आहेत, काहींना मुलं आहेत. जेवणाच्या रांगेत उभं राहण्याआधी तिथे जाऊन या. एवढ्या लांबून आलाच आहात, तर तेवढं करूनच जा.