आधी समजून घ्या, मग सही करा
(आरोग्य कार्यकर्त्या प्रशिक्षण शिबिरातील भाषण)



ठाण्याच्या आणि कल्याण-डोंबिवलीच्या वस्त्यांत आम्ही कर्करोगाविषयी बोलायला जातो तेव्हा दार उघडते, चहाही मिळतो. परंतु ‘संशोधन’ हा शब्द निघाला की घरातली बाई विचारते, “म्हणजे आमच्यावर प्रयोग करणार का, ताई?” हा प्रश्न अडाणीपणाचा नाही, शहाणपणाचा आहे. त्याचे खरे उत्तर देता येणे, हेच या प्रशिक्षणाचे पहिले काम आहे.

परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ साली मुंबईच्या झोपडपट्ट्यांत एक मोठा अभ्यास सुरू केला. ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रिया त्यात होत्या. गर्भाशयाच्या तोंडाला सौम्य ॲसेटिक ॲसिड लावायचे, पांढरा डाग दिसला तर पुढील तपासणीला पाठवायचे, एवढी ती साधी पद्धत. तपासणी डॉक्टरांनी नव्हे, तर प्रशिक्षण दिलेल्या प्राथमिक आरोग्य सेविकांनी दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्यांत केली. ज्या गटाला तपासणी मिळाली, त्यात या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. हे निष्कर्ष २०१३ साली जगापुढे आले. उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील खेड्यांत १९९९ पासून झालेल्या अभ्यासाने एचपीव्ही चाचणीचे मोल दाखवून दिले. आपल्याच आयाबहिणींच्या सहभागातून हे ज्ञान मिळाले आहे.

पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मुंबईच्या अभ्यासात निम्म्या स्त्रियांना तुलनेसाठी केवळ आरोग्यशिक्षण मिळाले, तपासणी नाही. त्यांना सर्व पर्याय नीट समजावले होते काय, यावर पुढे देशविदेशात वाद झाला. ही गोष्ट लपवून आपण सहभाग मागू, तर तो विश्वासघात ठरेल.

म्हणून कार्यकर्तीने घरोघरी पुढील गोष्टी सांगाव्यात. सहभाग ऐच्छिक आहे. नकार दिला किंवा मध्येच सोडले तरी नेहमीचे उपचार थांबत नाहीत. माहितीपत्रक आपल्या भाषेत मिळाले पाहिजे आणि त्याची प्रत घरी ठेवावी. वाचता येत नसेल तर निःपक्ष साक्षीदारासमोर ते वाचून दाखवले पाहिजे. आपण कोणत्या गटात जाऊ, दुसऱ्या गटाला काय मिळेल, इजा झाल्यास भरपाई कोण देईल, हे विचारावे. नैतिकता समितीची मंजुरी आहे का, हेही विचारावे.

कार्यकर्तीने दोन चुका टाळाव्यात. “सही करा, फुकट उपचार मिळतील” असे आमिष दाखवू नये. आणि नवऱ्याची किंवा सासूची संमती म्हणजे बाईची संमती, असे कधीही धरू नये.

अडचणी आम्हाला ठाऊक आहेत. कल्याणहून परळला जायचे म्हणजे गर्दीची लोकल आणि बुडालेला रोज. प्रवासखर्च मिळेल का, सोबत कोण येईल, मुलांना कोण सांभाळेल, याची सोय झाली नाही तर समजावलेले सारे व्यर्थ जाते.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्याकडून आमची एकच अपेक्षा आहे. वस्तीतल्या एखाद्या आईच्या हाती असा कागद आला, तर तिच्याजवळ बसून तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवा. मग ती ‘हो’ म्हणो वा ‘नाही’, तो निर्णय तिचा स्वतःचा असेल.