गोळी कुठल्या दुखण्याची?



मी सरकारी दवाखान्यात औषधं देणारा, डी.फार्म. झालेला माणूस. डॉक्टर नव्हे. तेव्हा माझं ऐकून कुणी चालू औषध बंद करू नये, ही पहिली विनंती.

निपाणी भागातल्या दवाखान्याच्या खिडकीत एक तक्रार नेहमी येते. कंबर धरते, हातपाय गळतात, छातीत धडधडतं, झोप नाही. दिवसभर विड्या वळणाऱ्या बाईची कंबर दुखणारच. रक्त, साखर, थायरॉईड आधी तपासलंच पाहिजे. पण रिपोर्ट चांगले येऊनही दुखणं राहिलं, की घरचे म्हणतात, "नाटकं करतेय." ती नाटकं नसतात. दुखणं खरं असतं, त्याचं मूळ दुसरीकडे असू शकतं.

हे दाखवून देणारं काम आपल्या शेजारीच झालंय. चोर्ला घाट उतरला की गोवा. मुंबईत जन्मलेले मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल यांनी १९९६ साली सहकाऱ्यांसह तिथे 'संगात' ही संस्था काढली. आज ते हार्वर्डला प्राध्यापक आहेत. अंगावरून पांढरं जाण्याची तक्रार करणाऱ्या बायकांचा त्यांनी अभ्यास केला. (गणपतीच्या मांडवात हा विषय कशाला, असं काहींना वाटेल. घरात बोलत नाही, म्हणून इथे बोलतो.) त्या तक्रारीचा संबंध जंतुसंसर्गापेक्षा मनावरच्या ताणाशी आणि नैराश्याशी जास्त निघाला. दुसऱ्या अभ्यासात, बाळंतपणानंतर नैराश्य आलेल्या आयांच्या बाळांचं वजन आणि लांबी सहा महिन्यांनी कमी भरली. म्हणजे आईचं मन खचलं, तर ते बाळाच्या वजनकाट्यावर दिसतं!

मग उपाय काय? एवढे मानसोपचारतज्ज्ञ आणायचे कुठून? पटेलांनी स्थानिक पदवीधर मुलींना दोन महिने शिकवलं आणि दवाखान्यात बसवलं. प्रयोगाचं नाव 'मानस', म्हणजे मनशांती सुधार शोध. त्या मुली रुग्णाचं ऐकून घेत, दुखणं समजावून सांगत, श्वासाचे व्यायाम शिकवत. गरज पडली तर औषध डॉक्टर देत. २०१० साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले. सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी शंभरातले सुमारे ६६ रुग्ण बरे झाले. अशी मदत नव्हती तिथे ४३ च्या आसपास. खासगी दवाखान्यांत मात्र फारसा फरक पडला नाही. सरकारी दवाखान्याला नावं ठेवणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं!

मला यात मोलाची वाटते ती भाषा. गोळीचं नाव कुठल्याही भाषेत चालतं, पण सासरचा जाच, डोक्यावरचं कर्ज, गेलेलं मूल माणूस आईच्या भाषेतच सांगतो. आपल्या सीमाभागात हे वेगळं सांगायला नको. केसपेपर कन्नडमध्ये असू दे, समोर ऐकणारं माणूस मराठी समजणारं हवं. आशाताई हे करू शकतील, असं मला वाटतं. त्यांच्यावर आधीच किती कामं आहेत, तेही मला दिसतं.

तोवर दवाखान्यात गेलात, की कंबरेबरोबर झोप लागते का, कशात मन रमतं का, हेही डॉक्टरांना सांगा. 'टेली मानस'चा नंबर १४४१६, फोन फुकट, चोवीस तास. मांडवाबाहेरच्या फळ्यावर तो लिहून ठेवलाय.