‘काही विचारायचंय?’ ‘नाही सर!’



मी चाकणजवळच्या एका कारखान्यात एचआर विभागात काम करते. मुलाखतीच्या शेवटी आम्ही उमेदवाराला विचारतो, ‘तुम्हाला काही विचारायचं आहे का?’ मालेगाव, भिवंडी, मिरज, कुठूनही आलेली आपली मुलं-मुली मान हलवतात, ‘नाही सर, नाही मॅडम.’

यामागचं कारण मला कळतं. अब्बांचं आयुष्य लूमवर, गॅरेजात नाहीतर हातगाडीवर गेलं. घरात ऑफिसची नोकरी पहिल्यांदाच येतेय. निघताना अम्मी बजावते, ‘जास्त बोलू नकोस, हातची जाईल.’ त्यात आपलं नाव वाचून समोरच्याचा चेहरा बदलतो का, ही धाकधूक. पण त्या दिवशी विचारलं नाही, तर त्याची किंमत पुढे दर महिन्याला पगारातून चुकवावी लागते.

आता पगाराचंच घ्या. ‘वर्षाला ३ लाख सीटीसी’ ऐकलं की आपण महिना २५,००० धरतो आणि घरी तेच सांगतो. बेसिक १५,००० असेल तर त्याच्या १२ टक्के, म्हणजे १,८०० रुपये तुमचा पीएफ कापला जातो. कंपनीचा वाटाही तेवढाच, आणि तोही बहुधा याच सीटीसीत धरलेला असतो. ग्रॅच्युइटीची तरतूद आणि व्यवसाय कर वजा केला, की हातात साडेवीस हजारांच्या आसपास येतात. यात फसवणूक नाही, हिशेबच तसा असतो. म्हणून सरळ विचारा, ‘सर, दरमहा हातात किती येतील?’

दुसरा प्रश्न : ‘मी कंपनीच्या रोलवर असेन की कंत्राटदाराच्या?’ फाटकावरची पाटी मोठ्या कंपनीची असते, आणि पगाराच्या पावतीवर भलतंच नाव. ‘ट्रेनी’ म्हणून घेत असतील तर मुदत किती, नंतर कायम करतात का, पीएफ केव्हापासून, हेही विचारा. अ‍ॅप्रेंटिस कायद्याखालच्या शिकाऊ उमेदवाराला विद्यावेतन मिळतं, पीएफ नाही.

तिसरा : बाँड आहे का? असेल तर किती वर्षांचा, आणि सोडल्यास किती रक्कम भरायची? मूळ गुणपत्रिका मागितल्या तर दाखवा, झेरॉक्स द्या, मूळ प्रत घरी आणा. ठेवूनच घेणार म्हणाले तर लेखी पोच मागा. पोच द्यायला जो कां-कूं करतो, तो तुम्हाला न विचारताच उत्तर देतो.

मुलींनो, शिफ्ट किती वाजता सुटते, रात्री घरी सोडायला गाडी आहे का, हे विचारायला लाजू नका. १० किंवा अधिक माणसं काम करतात तिथे २०१३च्या कायद्याने अंतर्गत समिती असावीच लागते. ‘समितीत कोण आहेत?’ हा अगदी साधा प्रश्न आहे.

आता जुम्म्याचं. नोकरी द्यायचं ठरल्यावर, पण सही करण्याआधी बोला : ‘शुक्रवारी जेवणाची सुट्टी एक ते दोन घेतली तर चालेल का? वेळ संध्याकाळी भरून देईन.’ यात मेहरबानी मागायची नाही. वेळेची सोय ठरवायची आहे. जमणार नसेल तर आधीच कळलेलं बरं.

आणि समोरून ‘हिजाब घालूनच येणार का?’, ‘लग्न कधी?’ असं आलं तर? आवाज न चढवता विचारा, ‘सर, याचा या कामाशी कसा संबंध आहे?’ सुरक्षेचं खरं कारण असेल तर ते सांगतील. मशीनपाशी सैल कपडा कुणाचाच चालत नाही. कारण नसेल तर प्रश्न तिथेच थांबेल. संविधानाचं कलम १६ धर्मावरून भेदभावाला मनाई करतं, पण सरकारी नोकरीत. खासगी कंपनीत ते थेट लागू होत नाही. म्हणून जे ठरलं ते नेमणूकपत्रात लिहून घेणं आपल्यासाठी जास्त गरजेचं.

टेबलापलीकडून एक सांगते. ‘पहिल्या तीन महिन्यांत माझ्याकडून कोणतं काम अपेक्षित आहे?’ असं विचारणारा उमेदवार आमच्या लक्षात राहतो. पहिला प्रश्न कामाचा ठेवा, पैशाचा नंतर.

आज इथून जाण्याआधी दोघादोघांनी समोरासमोर बसा. एक साहेब, एक उमेदवार. मराठीत विचारा, मग हिंदी-इंग्रजीत. तीन प्रश्न कागदावर लिहा. तो कागद मुलाखतीत समोर ठेवला तरी चालतो, आम्हीही आमचे प्रश्न कागदावरूनच वाचतो!