रस एक, रीती अनेक

आम्ही सिल्लोडच्या बचत गटांतल्या बाया. मृग तोंडावर आलाय, गावरान आंब्याच्या आढ्या संपत आल्यात. म्हणून आज बोलूया आमरसावर.

अजिंठ्याचा घाट उतरला की खानदेश लागतो. आपल्या कितीतरी लेकी तिकडं दिल्यात आणि तिकडच्या सुना इकडं आल्यात. त्यामुळं गटात रसाचा विषय निघाला की दोन पक्ष पडतातच. खानदेशातली म्हणते, आखाजीला रसासंगं खापरावरची पुरणपोळीच पाहिजे. घाटावरची म्हणते, रस खावा शेवयांसंगं आणि ताटात तळलेली कुरडई हवीच. वऱ्हाडात काडीवर वळलेले सरगुंडे वाफवून रसात घालतात. पुण्या-मुंबईकडं रस-पुरी. गुजरातेत रसावर सुंठ आणि तूप. कुणी चिमूटभर मीठ घालतं, कुणी मिरपूड.

कुणाचं खरं? सगळ्यांचंच. कारण आंबा बदलला की रस बदलतो. हापूस गराचा, त्याचा रस घट्ट होतो. आपला गावरान आंबा रसाचा. तो हातानं माचवायचा, पिळायचा, कोय-साल थोड्या पाण्यात धुऊन घ्यायची. असा पातळ रस मुरवून घ्यायला शेवया लागतात, पोळी लागते. म्हणजे आपल्या ताटाची रीत बांधावरच्या झाडानं ठरवली आहे.

आणि तेच झाड आता चाललंय. विहिरीला, रस्त्याला, लेकीच्या लग्नाला पैसा लागला की जुनं झाड लाकडाच्या भावानं जातं. कोकणच्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. मराठवाड्याच्या केसरलाही मानांकन आहे. पण शेपूच्या वासाचा शेपू आंबा, गोल गोट्या, लाल शेंदऱ्या यांची नावं आपल्याच तोंडात आहेत. झाड गेलं की नावही गेलं.

"कोय लावू की," असं कुणी म्हणेल. जरूर लावा, पण कोयीच्या झाडाला आईसारखंच फळ येईल याचा भरवसा नसतो. तीच चव हवी तर कलमच करावं लागतं. त्याची हीच वेळ आहे. ताज्या कोया ओल्या मातीत लावा. दोन-तीन आठवड्यांत तांबूस कोंब येतो. जुन्या झाडाची तीन-चार महिन्यांची, फुगीर डोळ्याची काडी निवडा. कापण्याआधी आठ-दहा दिवस तिची पानं देठ ठेवून काढून टाका. कोंबाला मधोमध चीर द्या, काडीला पाचरीसारखा आकार द्या, दोन्ही बसवून प्लास्टिकच्या पट्टीनं घट्ट बांधा आणि सावलीत ठेवा. पहिल्यांदा जमणार नाही असं वाटलं तर गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्यांना गटाच्या बैठकीत बोलवा, समोर करून दाखवायला सांगा.

एवढंच करा बायांनो: या महिन्याच्या बैठकीत हजेरीसंगं अजून एक गोष्ट लिहून घ्या. कुणाच्या बांधावर कोणता आंबा आहे, त्याचं नाव काय, तो कधी पिकतो, रसाला कसा आहे. ज्या झाडाचा सौदा ठरलाय, त्याच्या काड्या सगळ्यांत आधी घ्या. कुऱ्हाड लागल्यावर काडी मिळत नाही.

पुरणपोळी की शेवया, हा वाद आपण दरसाल घालू. त्यासाठी रस तर राहिला पाहिजे! राम राम.